बागेतली बिअर, शाळेतले दहा दिवस

३० जुलै २००९ ची संध्याकाळ. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मॅग्नोलियाच्या झाडाखाली एक गोल टेबल, त्यावर चांदीच्या वाटीत शेंगदाणे आणि भोवती चौघे जण. दोघे कोट घालून अवघडलेले, दोघे बाह्या सरसावून मोकळे बसलेले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांच्या पेल्यात बड लाइट, सार्जंट जेम्स क्राउलींच्या पेल्यात ब्लू मून, हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स यांच्या पेल्यात सॅम अॅडम्स लाइट आणि दारूला न शिवणाऱ्या उपाध्यक्ष जो बायडन यांच्या पेल्यात अल्कोहोल नसलेली बकलर. पत्रकारांना लांब उभं केलेलं, त्यामुळे बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी बातम्या झाल्या त्या कुणी कुठली बिअर घेतली याच्याच.

हे सगळं सुरू झालं एका अडकलेल्या दारापासून. १६ जुलैला गेट्स चीनच्या दौऱ्यावरून केंब्रिजमधल्या आपल्या घरी परतले. पुढचं दार उघडेना, म्हणून गाडीच्या चालकाला हाताशी घेऊन त्यांनी ते ढकललं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी हे पाहून पोलिसांना फोन केला. क्राउली आले तेव्हा गेट्स घरातच होते. ओळखपत्र मागण्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा हा नामवंत अभ्यासक आपल्याच ओसरीवर बेड्या घालून उभा राहिला. पाच दिवसांत आरोप मागे घेतले गेले. प्रकरण तिथेच विरलंही असतं. पण २२ जुलैच्या पत्रकार परिषदेत, विषय आरोग्य विम्याचा असताना, शेवटी कुणीतरी या अटकेबद्दल विचारलं आणि ओबामा बोलून गेले की केंब्रिज पोलिसांनी मूर्खपणा केला. दोनच दिवसांनी शब्द अधिक तोलून वापरायला हवे होते, असं त्यांनाच सांगावं लागलं. बिअरची कल्पना निघाली ती या सारवासारवीतून.

या प्रकरणात ठोकळेबाज खलनायक सापडत नाही. क्राउली पोलीस प्रशिक्षणात वंशावरून संशय कसा घेऊ नये, हाच विषय शिकवत. १९९३ साली बोस्टन सेल्टिक्सचा कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू रेजी लुईस कोसळला तेव्हा त्याला तोंडाने श्वास देऊन वाचवू पाहणारे ते हेच. गेट्सही काही मोर्चे काढणारे गृहस्थ नव्हेत. आणि फोन करणाऱ्या ज्या बाईंवर वर्णद्वेषाचा शिक्का बसला, त्यांच्या फोनची ध्वनिफीत बाहेर आल्यावर कळलं की आपण होऊन त्यांनी कुणाच्या वर्णाचा उल्लेखही केला नव्हता. त्या बागेतल्या टेबलाशी त्यांना मात्र खुर्ची नव्हती. केंब्रिजने नेमलेल्या समितीने वर्षभराने निष्कर्ष काढला की माघार घेण्याची संधी दोघांनाही होती आणि दोघांनीही ती घालवली. अशा अहवालावर कुणी भांडत नाही, कारण तो कुणाला काही करायलाही लावत नाही.

भेटीनंतर क्राउलींनी प्रामाणिकपणे सांगितलं की एका मुद्द्यावर आमचे मतभेद कायम आहेत, एवढ्यावर आमचं एकमत झालं. पुढे त्यांनी त्या बेड्या गेट्सना भेट दिल्या आणि गेट्सनी त्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. दोघांत कटुता उरली नाही, एवढं नक्की. राजकारणातला जमाखर्च वेगळाच निघाला. ओबामांनी २०२० च्या आत्मकथनात नोंदवलं आहे की आठ वर्षांच्या कारकिर्दीत इतर कुठल्याही एका घटनेमुळे गोऱ्या मतदारांतला त्यांचा पाठिंबा इतका घसरला नव्हता. दोन माणसांत समेट घडत असताना देशातली दरी रुंदावत होती. वर्णावरून वाद पेटला की ‘आता दोन्ही बाजूंनी बसून काहीतरी मार्ग काढा’ असं सगळेच म्हणतात. पण बसायचं कुणी, कशासाठी आणि किती वेळ? ज्या-ज्या ठिकाणी असा मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला, तिथलं फळ बरंचसं याच तीन प्रश्नांवर अवलंबून राहिलेलं दिसतं. चाळीसेक मिनिटांच्या बिअरमध्ये तिन्हींची उत्तरं कच्ची होती.

मराठी माणसाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि त्याच मुंबईत १७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स मैदानात असताना प्रेक्षकांतले काही जण काखा खाजवत माकडाचे हावभाव करत होते. छायाचित्रकारांनी ते टिपले, पोलिसांनी चौघांना पकडलं. त्याआधी बडोद्याच्या सामन्यातही हेच झालं होतं. तेव्हा ‘आमच्याकडे माकड म्हणजे मारुतीराया’ इथपासून ‘आई पोराला लाडाने माकडच म्हणते’ इथपर्यंत खुलासे ऐकू आले. आई म्हणते, खरं आहे. पण ती परक्याच्या पोराला भर मैदानात, हजारोंच्या साक्षीने म्हणत नाही. सायमंड्स जन्माने आफ्रिकी-कॅरिबियन वंशाचा, गोऱ्या आईबापांनी दत्तक घेतलेला. त्या शब्दाला त्याच्या कानांत कुठला इतिहास चिकटलेला असेल, हे वानखेडेच्या बाकांवरून कळणं अवघड होतं असं मानलं, तरी त्याने तक्रार केल्यावर तरी कळायला हरकत नव्हती.

पुढचा अंक सिडनीत घडला, जानेवारी २००८ च्या कसोटीत. तिसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकरबरोबर फलंदाजी करणाऱ्या हरभजन सिंगने ब्रेट लीला बॅटने सहज थोपटलं, सायमंड्स मध्ये पडला आणि शब्दांची देवाणघेवाण झाली. हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याची तक्रार ऑस्ट्रेलियाने केली. सामनाधिकारी होते दक्षिण आफ्रिकेचे माइक प्रॉक्टर. वर्णभेदामुळे त्यांच्या देशावर बहिष्कार पडला, म्हणून हा असामान्य अष्टपैलू आयुष्यात अवघ्या सात कसोट्या खेळू शकला. वर्णभेदाची झळ, उलट्या बाजूने का होईना, त्यांना ठाऊक होती. त्यांनी हरभजनवर तीन कसोट्यांची बंदी घातली. भारतात संताप उसळला, दौरा अर्धवट सोडून संघ परत येणार अशी हवा झाली, पंच स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून वगळण्यात आलं. जानेवारीच्या अखेरीस न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे अॅडलेडमध्ये अपील चाललं. हरभजनने दिली ती ‘माँ की’ अशी हिंदी शिवी होती आणि ती ऑस्ट्रेलियनांच्या कानाला ‘मंकी’ वाटली असावी, असा बचाव झाला. तेंडुलकरने साक्ष दिली. वर्णद्वेषी शेरा सिद्ध झाला नाही. शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंड झाली. हरभजनच्या आधीच्या शिस्तभंगांची पूर्ण नोंद न्यायाधीशांपुढे गेलीच नव्हती, हे निकालानंतर उघड झालं.

भारतात हा निकाल विजय म्हणून साजरा झाला, ऑस्ट्रेलियात तो भारताच्या पैशाचा विजय मानला गेला. मधल्या मध्ये खरं काय घडलं हा प्रश्न कुणाचाच राहिला नाही. सायमंड्सने पुढे सांगितलं की तिथून आपली घसरण सुरू झाली, दारू वाढली, सहकाऱ्यांना या लफड्यात ओढल्याचं ओझं वाटत राहिलं. जून २००९ मध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या तोंडावर त्याला इंग्लंडहून माघारी धाडण्यात आलं आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली.

आणि मग २०११ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने साडेआठ लाख डॉलर मोजून सायमंड्सला घेतलं. हरभजन त्याच संघात होता. ज्या वानखेडेवर माकडाचे हावभाव झाले, तेच आता दोघांचं घरचं मैदान. दोन देशांची क्रिकेट मंडळं, एक सामनाधिकारी आणि एक न्यायाधीश यांना जे जमलं नाही, ते एका लिलावाने केलं: दोघांना एका खोलीत आणून बसवलं. सायमंड्सने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन वाहिनीला सांगितलं की एका बड्या माणसाच्या घरी जेवणाच्या वेळी हरभजनने त्याला बाजूला नेलं, माफी मागितली आणि तो रडला. हरभजनने लगेच जाहीरपणे विचारलं, हे कधी घडलं? मी कशाला रडेन? म्हणजे भांडण झालं तेव्हा दोन कहाण्या होत्या आणि दिलजमाई झाल्यावरही दोनच राहिल्या. तरी दोघं एकत्र खेळले आणि निभावून नेलं. मे २०२२ मध्ये टाउन्सव्हिलजवळ मोटार अपघातात सायमंड्स गेला, तेव्हा शोक व्यक्त करणाऱ्यांत हरभजन होता.

एका संघात खेळल्याने मनं बदलतात का, यावर समाजशास्त्रज्ञांनी बरीच शाई खर्च केली आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं, परक्या गटातल्या माणसाशी नुसती गाठ पडून भागत नाही. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा किंवा कायद्याचा हात पाठीवर हवा. त्यांचे शिष्य थॉमस पेटिग्रू यांनी लिंडा ट्रॉप यांच्यासह २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा ताळा केला आणि संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो हे दाखवलं. या अटी नसल्या तरी थोडाफार फरक पडतो, असल्या तर जास्त पडतो.

या आनंदात दोन खडे आहेत. पहिला इराकमधला. तिथला भेद वर्णाचा नव्हे, धर्माचा. पण प्रयोग इथे लागू पडतो. इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांमुळे परागंदा झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत संशोधक सलमा मूसा यांनी काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले. सहा महिन्यांनंतरही मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू मुस्लिमांबरोबर सराव करायला अधिक राजी दिसले. मात्र मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांबद्दलचं त्यांचं वागणं फारसं बदललं नव्हतं. मैत्री झाली ती संघातल्या अमक्याशी, समाजाशी नव्हे. मुंबई इंडियन्सच्या ड्रेसिंग रूमबद्दलही याहून मोठा दावा करता येणार नाही.

दुसरा खडा अधिक टोचणारा. तामार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की वरचढ आणि दुबळ्या गटांना नुसतं समान आवडीनिवडींवर बोलायला लावलं, तर दुबळ्या गटातल्यांना वाटू लागतं की समोरचे आपल्याला न्यायाने वागवतील. प्रत्यक्षात वाटणीची वेळ आली की वरचढ गट तसं वागत नाही. गोडीगुलाबीने अन्यायाचा विसर पडतो, अन्याय मात्र जागच्या जागी राहतो. ‘वाद कशाला, आपण सगळे माणसंच ना’ हे वाक्य बहुधा कोणाच्या तोंडून निघतं, हे आठवून पाहिलं तर या निष्कर्षाचं नवल वाटत नाही.

यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबात ही गोडीगुलाबी वर्षानुवर्षं नांदत होती. तिथे तिला थट्टामस्करी म्हणत. कराचीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला ऑफस्पिनर अझीम रफीक २०२० मध्ये क्लबातल्या वर्णद्वेषाबद्दल उघडपणे बोलू लागला. पाकिस्तानी वंशावरून मारलेली हाक हीसुद्धा त्या क्लबात मस्करीच ठरत होती. भारतीय वाचकाला यातला एक तपशील जवळचा आहे: तिथे खेळायला गेलेल्या चेतेश्वर पुजाराला सगळे ‘स्टीव्ह’ म्हणत, कारण चेतेश्वर म्हणताना जीभ वळत नाही. हे नाव लाडाचं होतं असा दावा झाला. कसोटी सामन्यांत तासन्‌तास खेळपट्टीवर उभं राहणाऱ्या माणसाचं नाव शिकायला कुणाला वेळ मिळाला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रफीकने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा त्याला बोलताना रडू आवरेना. तोवर प्रायोजक पळाले होते, हेडिंग्लीवरचे आंतरराष्ट्रीय सामने थांबवले गेले होते, अध्यक्षांनी राजीनामा दिला होता. नवे अध्यक्ष कमलेश पटेल यांनी एका फटक्यात १६ कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. २०२३ मध्ये क्लबला चार लाख पौंडांचा दंड झाला आणि स्पर्धेतले ४८ गुण कापले गेले.

साक्षीनंतर दोनच दिवसांत रफीकचे स्वतःचे २०११ मधले संदेश बाहेर आले, ज्यूंची टिंगल करणारे. अनेकांनी लगेच टाळ्या पिटल्या, बघा, हाही तसलाच. रफीकने मात्र त्या संदेशांना मस्करी म्हटलं नाही. आपण चुकलो, आपल्याला लाज वाटते, असं सांगून तो थांबला नाही. ज्यू छळातून वाचलेल्या एका वृद्धेला भेटला, पुढच्या वर्षी आउशवित्झला गेला. इतरांनी माफी मागावी असं म्हणणाऱ्यावरच ती मागण्याचीही पाळी आली आणि माफी कशी असावी हे त्याने या दुसऱ्या भूमिकेत जास्त चांगलं दाखवलं. क्लबने आणि त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी मागितलेल्या माफ्यांत ‘जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हा सूर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पण पुढे काय झालं? धमक्या आणि शिवीगाळ सोसून रफीक कुटुंबासह इंग्लंड सोडून गेला. क्लबची तिजोरी रिकामी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सभासदांनी कॉलिन ग्रेव्ह्ज यांना पुन्हा अध्यक्ष म्हणून स्वीकारलं. आरोप ज्या काळातले होते त्या काळाच्या एका भागात तेच अध्यक्ष होते आणि काही महिन्यांपूर्वीच त्यांनी या प्रकाराला मस्करी ठरवलं होतं. परतताना त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. सभासदांचा हिशेब सरळ होता: ते पैसे घेऊन येत होते. समेटासाठी कुणाची गरज कुणाला आहे, हा प्रश्न इथे उघडा पडतो. क्लबला ग्रेव्ह्जची गरज होती, रफीकची नव्हती.

संपूर्ण देशाच्या पातळीवर हा प्रयोग झाला तो दक्षिण आफ्रिकेत. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाची सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाली. २१ हजारांहून अधिक पीडितांनी जबान्या दिल्या. गुन्हेगारांपुढे सौदा ठेवला होता, सगळं खरं सांगा आणि माफी मिळवा. ७,११२ अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. यातून निघालेली एक कहाणी जगभर सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. एमी बील ही २६ वर्षांची अमेरिकन विद्यार्थिनी १९९३ मध्ये गुगुलेतू वस्तीत जमावाच्या हातून मारली गेली. तिच्या आईवडिलांनी मारेकऱ्यांच्या माफीला विरोध केला नाही. चौघांपैकी दोघे पुढे तिच्याच नावाने चालणाऱ्या संस्थेत कामाला लागले. पण अशा कहाण्यांच्या उजेडात बाकीचा हिशेब अंधारात जातो. पीडितांना सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड देऊ केले, आयोगाने सुचवलं होतं त्याहून कितीतरी कमी. खटल्यांसाठी सोपवलेली सुमारे ३०० प्रकरणं तशीच पडून राहिली, इतकी की ती कुणी दाबली याच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांना २०२५ मध्ये वेगळा आयोग नेमावा लागला. सत्य सांगितलं गेलं. सलोख्याचा खर्च उचलायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोने दक्षिण आफ्रिकेचाच कित्ता गिरवला. नोव्हेंबर १९७९ मध्ये कु क्लक्स क्लान आणि नाझी टोळक्याने तिथे मोर्चेकऱ्यांवर गोळीबार करून पाच जणांचा जीव घेतला होता. केवळ गोऱ्यांच्या ज्युरींनी आरोपींना दोनदा सोडलं. नागरिकांनी २००४ मध्ये स्वतःचा सत्य आयोग बसवला, तेव्हा नगर परिषदेने त्याला पाठिंबा नाकारला आणि मतं पडली ती सरळ वर्णाच्या रेषेवर. परिषदेने रीतसर माफी मागितली ती २०२० मध्ये, घटनेला चार दशकं उलटून गेल्यावर.

ब्रिस्टलची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे भांडण माणसांवर नव्हे, पुतळ्यावर झालं. ७ जून २०२० ला निदर्शकांनी गुलामांच्या व्यापारातून गब्बर झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा ब्राँझचा पुतळा दोर लावून पाडला, गडगडवत नेला आणि बंदरात बुडवला. महापौर मार्विन रीस यांचे वडील जमैकाचे. त्यांनी ना पुतळा परत चौथऱ्यावर चढवला, ना तो पाडल्याचा सोहळा केला. पुतळा पाण्यातून काढून नगरपालिकेच्या संग्रहालयात आडवा ठेवला, अंगावरचा लाल-निळा रंग न पुसता, आणि शहराला विचारलं, आता याचं काय करायचं? सुमारे १४ हजार जणांनी मतं कळवली. बहुसंख्यांचं उत्तर, संग्रहालयातच राहू दे. ज्यांना तो पडल्याचा आनंद झाला आणि ज्यांना हळहळ वाटली, अशा दोन्ही बाजूंच्या बऱ्याच लोकांना हे पटलं. प्रश्न ‘तुम्ही वर्णद्वेषी आहात का’ असा न विचारता ‘हे ब्राँझचं धूड कुठे ठेवू’ असा विचारला, हे त्यातलं खरं चातुर्य.

असाच एक प्रश्न ग्रीन्सबरोच्याच राज्यातल्या डरहॅममध्ये १९७१ च्या जुलैत विचारला गेला होता, आणि तो पुतळ्याचा नव्हता, पोरांचा होता. न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायला लावल्या होत्या. वर्गांत मारामाऱ्या चालल्या होत्या. केंद्र सरकारच्या अनुदानातून कामगार महासंघाने दहा दिवसांचं खुलं शिबिर भरवायचं ठरवलं आणि बिल रिडिक नावाच्या कृष्णवर्णीय संयोजकाला बोलावलं. रिडिकने गावातले दोन समजूतदार, मवाळ लोक शोधले नाहीत. त्याने दोन टोकं शोधली. एक अॅन अॅटवॉटर, घरमालकांना आणि नगरसेवकांना सळो की पळो करून सोडणारी गरीब वस्तीतली कार्यकर्ती. दुसरा सी. पी. एलिस, पेट्रोल पंपवाला आणि क्लानच्या स्थानिक शाखेचा म्होरक्या. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तेव्हा याने पंपावर दोस्तांना गोळा करून जल्लोष केला होता. एलिसवर अॅटवॉटरचा इतका राग की नगर परिषदेच्या एका सभेत तिचा हात पर्समधल्या चाकूकडे गेला होता. रिडिकने या दोघांना सहअध्यक्ष केलं.

पहिले दिवस दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. एलिसने शाळेच्या दालनात क्लानची पत्रकं आणि पोशाख मांडले. काळी पोरं ते फाडायला धावली, तेव्हा आडवी आली ती अॅटवॉटर. वाचा आधी, म्हणाली, म्हणजे यांच्या डोक्यात काय चालतं ते कळेल. संध्याकाळी चर्चमधली गाणी व्हायची. एलिसला ताल सापडेना, टाळी भलत्याच मात्रेवर पडायची. अॅटवॉटरने त्याचे हात धरून त्याला टाळी शिकवली.

मग एका संध्याकाळी दोघंच रिकाम्या सभागृहात बसले होते. एलिसने सांगितलं, शाळेत माझ्या पोराला क्लानवाल्याचा पोरगा म्हणून छळतात. अॅटवॉटर म्हणाली, माझ्या पोरीलाही माझ्यावरून छळतात. दोघांना आपापल्या माणसांनी फितूर ठरवलं होतं. एलिसला पुढे आठवत राहिलं ते एवढंच की आपल्यासारखीच ही बाई कंगाल आहे, तिच्या पोरांची शाळाही आपल्या पोरांच्या शाळेइतकीच भिकार आहे, आणि आपण आयुष्यभर ज्यांच्यासाठी झेंडा धरला ते गावातले श्रीमंत गोरे रस्त्यात ओळखही देत नाहीत. बोलता बोलता दोघं रडले. शिबिराच्या शेवटच्या रात्री एलिसने सगळ्यांसमोर क्लानचं सदस्यत्वाचं कार्ड फाडलं.

ऑलपोर्टच्या चारही अटी इथे जुळलेल्या दिसतात, जरी रिडिक काही पुस्तक उघडून बसला नसेल: दोघं सारख्या हुद्द्यावर, प्रश्न एकच, दोघांशिवाय तो सुटत नाही आणि पाठीशी न्यायालयाचा हुकूम. हा शेवटचा मुद्दा सहसा विसरला जातो. शाळा एकत्र व्हाव्यात की नाही, हा वाद त्या खोलीत नव्हताच. तो आधीच निकालात निघाला होता. उरलं होतं ते कसं एकत्र व्हावं एवढंच. मूळ हक्कच चर्चेला ठेवला असता तर अॅटवॉटर तिथे बसली असती का आणि तिने का बसावं, हा प्रश्न समेटाच्या हौशी कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारून पाहावा.

२०१९ मध्ये या गोष्टीवर चित्रपट निघाला आणि त्यात ती बरीच गोड झाली. डरहॅम काही रातोरात बदललं नाही. ज्यांना परवडत होतं ते अनेक गोरे पालक शहराच्या शाळा सोडून निघून गेले. शहराची आणि जिल्ह्याची शाळा-व्यवस्था एक व्हायला १९९२ उजाडलं. एलिसला जुने मित्र सोडून गेले, धमक्या आल्या, तो दारूत बुडाला. नव्या मित्रांचा गोतावळा त्याची वाट पाहत उभा नव्हता.

सावरला तो कामाने. एलिस ड्यूक विद्यापीठात देखभाल कामगार होता. तिथल्या कामगार संघटनेत तो शिरला आणि जिथे बहुसंख्य सभासद कृष्णवर्णीय होते, तिथे पूर्णवेळ पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी एका कृष्णवर्णीय उमेदवाराविरुद्ध उभा राहिला. विरोधकांनी त्याचा क्लानमधला इतिहास काढला, त्यानेही तो लपवला नाही. मोठ्या फरकाने तो निवडून आला. २००५ मध्ये तो वारला, अॅटवॉटर २०१६ मध्ये. आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई कोणती, असं विचारलं की एलिस कार्ड फाडल्याचं सांगत नसे. तुटपुंज्या पगारावरच्या चाळीस काळ्या बायकांसाठी मालकाशी घासाघीस करून त्याने करारात एक सुट्टी मिळवून दिली होती, ती तो सांगायचा. सुट्टी होती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची.